डावीकडे सायकल, उजवीकडे कुत्रं

डॉक्टरांनी आईला बोलायची बंदी केली तेव्हा सगळ्यात आधी माझा धाकटा भाऊ हसला. घशाची शस्त्रक्रिया ताजी आहे, महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टर बजावून सांगत होते आणि हा दारामागे तोंडावर रुमाल धरून उभा. मी त्याला कोपराने ढोसलं खरं, पण हसू मलाही येत होतं. आमची आई आणि गप्प? एक वेळ सूर्य पश्चिमेला उगवेल.

हसले नाहीत ते एकटे बाबा. ते खाटेशेजारच्या खुर्चीत बसले होते आणि चेहरा असा, की ऑपरेशन यांचंच झालंय. "महिनाभर?" त्यांनी विचारलं. "थोडं कमी नाही का होणार?"

"काय हो आजोबा," डॉक्टर म्हणाले, "बायकोची बोलणी खाल्ल्याशिवाय जेवण पचत नाही वाटतं?"

त्यावर नर्सही हसली. बाबांनी नुसतं आईकडे पाहिलं. आईने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भूल अजून उतरली नसेल.

बाबांची काळजी मला कळत होती, निदान मी तसं समजत होते. महिना संपायच्या आतच आमच्या शहरात जुन्या गाड्यांची फेरी होती. वर्षातून एकदा सगळ्या म्हाताऱ्या गाड्या घासूनपुसून बाहेर निघतात, जुन्या बाजारातून एक फेरी मारतात, आणि सगळ्यात जुनी गाडी सगळ्यांच्या पुढे असते. या वर्षी ती आमची होती. बाबांचं नाव मीच दिलं होतं, त्यांना न विचारता. कळल्यावर ते इतके खूष झाले की चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "तुझी आई शेजारी बसेल ना पण?" मी म्हटलं, "बाबा, तिला कोण उठवणार तिथून? क्रेन आणावी लागेल."

आता या दोघांबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

बाबा छापखान्यात प्रुफं तपासायचे. एकेक अक्षर, एकेक मात्रा. लग्नाच्या पत्रिकेपासून जाडजूड पुस्तकापर्यंत काहीही त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय यंत्रावर चढत नसे. पुसटलेला अनुस्वार त्यांना दिसायचा, पण शेजारी ठेवलेला चहाचा कप दिसायचा नाही. भरल्या घरात स्टुलाला अडखळायचे, उघड्या कपाटाच्या दारावर कपाळ आपटायचे. कुणी बाजूने हात पुढे केला तर त्याकडे बघायचेच नाहीत, आणि लोक म्हणायचे, शिष्ट माणूस आहे. आई सावरून घ्यायची. "शिष्ट कसले हो, वेंधळे आहेत! डोकं सगळं प्रुफात." आणि कप त्यांच्या बरोबर नाकासमोर ठेवून म्हणायची, "चहा समोर."

आई बसस्टँडवर घोषणा करायची. काचेच्या एका खोलीत माईकसमोर बसून दिवसभर सांगायची, कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, कुठली रद्द झालीय, कुणाचं पोर हरवून कार्यालयात रडत बसलंय. आवाज असा की झोपलेला प्रवासी दचकून उठून बरोबर आपल्याच बसमध्ये चढायचा. बाबा तिच्या आवाजावर भाळले, चेहरा त्यांनी नंतर पाहिला. छापखाना स्टँडच्या मागेच. तरुणपणी हा माणूस संध्याकाळी कुठल्याही बसने कुठेही न जाता फलाटावर तासन्‌तास बसायचा. शेवटी आईनेच माईकवरून सांगितलं म्हणे, "फलाट क्रमांक दोनवर रोज बसणाऱ्या गृहस्थांनी चौकशी खिडकीशी यावं." गेले. पुढे आम्ही झालो.

आणि मग गाडी. छापखान्याच्या मालकांची ती जुनी गाडी. तिच्यात कुणाला रस उरला नव्हता, ती बाबांनी मागून घेतली. खालून गर्द हिरवी, वरून सायीच्या रंगाची. पुढे अखंड गादीची सीट, गिअरची दांडी स्टिअरिंगला, काचेशेजारी वारा वळवायची छोटी तिकोनी काच. वळायचं झालं की दारामधल्या खांबातून पिवळा आडवा हात बाहेर यायचा, तो बऱ्याचदा अडकायचा, मग बाबा त्याला बुक्की मारायचे. थंडीत चोक ओढायचा, नाही ऐकलं तर पुढून हँडल मारायचं. चढावर पाणी उकळलं की बॉनेट उघडून सगळ्यांनी खाली उतरायचं आणि झाडाखाली बसून संत्री खायची. घाई कुणालाच नसायची. बाबा रोज सकाळी तिला मऊ कातड्याने पुसायचे. आई तिला म्हणायची सवत.

"आधी सवतीची आंघोळ होऊ दे," ती म्हणायची, "मग मला बाजारात सोडा."

गाडीचे बाबांचे दोन नियम होते. पहिला, दिवेलागणीच्या आत गाडी घरात. कुणाचं लग्न असो, मयत असो, अंधार पडला की सवत झोपणार. दुसरा, आईची जागा पुढे, डाव्या हाताला. तिथे दुसरं कुणी बसायचं नाही. आम्ही मागे.

आणि आई बोलायची. देवा रे, काय बोलायची! गाडी फाटकाबाहेर पडली की भोंगा सुरू. "अहो, डावीकडे सायकल. येतेय, येतेय, गेली. डावीकडे शिंपी. ओट्यावर बसलाय, पाय रस्त्यात. येऊ दे, येऊ दे, गेला. उजवीकडे कुत्रं. बसलंय, बसू दे. डावीकडे पोरं, चेंडू आहे हातात, हळू. सोडावाल्याची हातगाडी, हाताच्या अंतरावर, जरा उजवीकडे. हं. बास." बाबा नुसतं "हं" म्हणायचे. सगळा रस्ता हेच. भाऊ मागे बसून तिच्या नकला करायचा, "प्रवासी बंधूंनो, डावीकडे म्हैस, उजवीकडे रेडा, समोर आपले बाबा!" आम्ही पोट धरून हसायचो. पाहुणे म्हणायचे, "वहिनी, जिभेला हाड आहे की नाही? गाडी चालवू द्या की त्यांना." आई म्हणायची, "माझ्याच्याने गप्प बसवत नाही हो." बाबा कधी चिडले नाहीत. आमच्या ओळखीतले बाकीचे सगळे नवरे बायकोने नुसतं "हळू" म्हटलं तरी गाडी थांबवून भांडायचे. बाबांच्या सहनशक्तीचे दाखले दिले जायचे.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात होती, तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता. मी अगदी लहान होते तेव्हा आई गाडीत झोपायची. बसली की पाचव्या मिनिटाला मान कलंडायची, तोंड उघडं. मग मध्येच कधीतरी झोपणं बंद झालं आणि बोलणं सुरू झालं. मी समजत होते, वय झालं की बायका घाबरट होतात.

आई घरी आली ती शाल गुंडाळून. भावाने तिला चेष्टेने लहान मुलांची पाटी आणि खडूचा डबा आणून दिला. घर इतकं शांत, की घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. बाबा दिवसभर गाडीपाशी. पण पुसत नव्हते, नुसते दारावर हात ठेवून उभे. दोन दिवस मी पाहिलं. तिसऱ्या सकाळी माझं डोकं फिरलं. मी शाळेत पोरांना कवायत शिकवते, मरगळलेलं माणूस मला बघवत नाही.

"बाबा, चला, एक चक्कर मारून येऊ. सराव नको का? पुढे तुमची गाडी आहे, मागे सगळं गाव."

"राहू दे गं."

"राहू दे काय? आई नाही तर मी बसते शेजारी."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एवढं गल्लीच्या टोकापर्यंत. आणि परत."

मी पुढचं डावं दार उघडलं आणि आई घरातून धावत आली. ऑपरेशन झालेली बाई, धावत! माझा दंड धरला. मान हलवून नाही, नाही. स्वतःकडे बोट, सीटकडे बोट. मी म्हटलं, "आई, वाऱ्याने घसा धरेल. सवतीशेजारी मला एक दिवस बसू दे की!" तिने बॉनेटवर थाड थाड हात आपटले. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "अगं, गल्लीपुरतंच. सकाळची वेळ आहे, रस्ता मोकळा असतो." पाटी आणायला ती आत वळली आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो.

तो आवाज! किती दिवसांनी त्या सीटवर, तोही पुढे. काचेवरचं ऊन, गरम झालेल्या गादीचा वास, गिअर टाकताना होणारा तो खट्ट. मी लहानाची होऊन बसले होते.

"बोल की काहीतरी," बाबा म्हणाले.

"काय बोलू?"

"काहीही. दिसेल ते सांग."

"आभाळ छान आहे बाबा आज," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं मी पाहिलं, आणि त्याच क्षणी डावीकडच्या बोळातून दूधवाला सायकलवरून बाहेर आला. सावकाश येत होता बिचारा, घंटी वाजवत. मी पाहत होते. मला वाटलं, बाबाही पाहताहेत. गाडी सरळ त्याच्या अंगावर चालली होती. मी ओरडले, बाबांनी ब्रेक दाबला, मडगार्ड सायकलला लागलं. दूधवाला एकीकडे, कॅन दुसरीकडे, आणि सगळ्या रस्त्यावर दूध.

मी धावले. नशीब, कोपर खरचटण्यावर निभावलं. उठला तो तोंडाचा पट्टा सोडूनच. "ओ आजोबा! डोळे फुटले काय तुमचे?"

बाबा गाडीतून उतरले होते. दाराला धरून उभे होते. ते म्हणाले, "हो."

दूधवाला कोपर चोळायचा थांबला.

"हो म्हणजे काय, बाबा?"

"तो दिसला नाही मला."

"समोर होता!"

"समोर नव्हता. बाजूला होता." मग त्यांनी दोन्ही हातांच्या मुठी वळून डोळ्यांना लावल्या, लहान मुलं दुर्बीण करतात तशा. "मला एवढंच दिसतं. तू चौथीत होतीस तेव्हापासून. आधी जरा मोठं होतं, आता एवढं राहिलंय."

भर रस्त्यात, दुधात उभी राहून मी ऐकत होते. मी चौथीत असताना एकदा त्यांनी हातगाडी पाडली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, कडेची नजर जातेय, हळूहळू जाणार, उपाय नाही. समोरचं अक्षर शेवटपर्यंत दिसेल, म्हणून नोकरीला धोका नाही. परवान्याच्या वेळीही त्यांनी समोरच्या पाटीवरची अक्षरं खडाखडा वाचून दाखवली, पुढचं कुणी विचारलं नाही. अंधारात तर काहीच दिसत नव्हतं, म्हणून तो दिवेलागणीचा नियम. डॉक्टरांनी गाडी बंद करा म्हणून सांगितलं होतं. बाबा घरी येऊन किल्ली आईसमोर ठेवून बसले, आणि म्हणे रडले. आईने किल्ली परत त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "तुम्ही समोरचं बघा. कडेचं मी सांगते."

"आणि तुम्ही ऐकलंत?" मी ओरडले. "आम्ही मागे बसायचो, बाबा! सगळी शाळेची वर्षं! तो कठडे नसलेला पूल!"

"पुलावर ती फार छान सांगायची," बाबा म्हणाले.

मी डोकं धरून कुणाच्या तरी घराच्या पायरीवर बसले. तो पूल मला आठवत होता. "सरळ, सरळ, सरळ, डावीकडे जास्त होतंय, सरळ, सरळ." आम्ही मागे संत्री सोलत होतो, आणि भाऊ तिची नक्कल करत होता.

गाडी तिथून मीच ढकलत आणली, दूधवाल्याला सोबतीला घेऊन. तो माणूस चांगला. ढकलताना मला म्हणाला, "ताई, माझ्यावर ओरडू नका, मी काय केलं?" तेव्हा कळलं की मी सगळ्या रस्त्याने ओरडत होते.

आई फाटकात उभी होती. मडगार्ड पाहिलं, दूधवाल्याचं कोपर पाहिलं, आणि भिंतीला टेकली. मी तिच्यावर बरसले. लाज नाही वाटली? सख्खी पोरं मागे बसवून आंधळी कोशिंबीर खेळत होतात? रस्त्यातल्या एखाद्या पोराचा जीव गेला असता तर कुणाला तोंड दाखवलं असतं? ती काहीच बोलू शकत नव्हती, बिचारीला तोंड दाबून बुक्क्यांचा मार. शेवटी पाटी घेऊन तिने लिहिलं, आणि माझ्या तोंडासमोर धरली.

"म्हणून तर कधी डोळा लागू दिला नाही."

मी पाटी तिच्या हातातून घेऊन खाली ठेवली. राग मात्र गेला नाही, आणि अजूनही सगळा गेलेला नाही, खोटं कशाला सांगू? भाऊ आला, त्याला सांगितलं, त्याचे डोळे पांढरे झाले. तो फक्त एवढंच म्हणाला, "मी नकला करायचो गं तिच्या," आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

मी किल्ली काढून घेतली. बाबा विरोध न करता देऊन मोकळे झाले. फेरीवाल्यांना फोन करून नाव काढून घेते म्हटलं, तर "हो, घे काढून," म्हणाले. मग कातडं घेऊन बाहेर गेले आणि मडगार्डावर वाळलेलं दूध पुसायला लागले. पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मला खिडकीतून ते बघवेना. या माणसाने आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं. बढती नाही, घर नाही, की नवे कपडे नाहीत. एक गाडी, आणि एकदा तिला सगळ्यांच्या पुढे चालवणं.

मी फोन उचलला तेवढ्यात आईने टेबलावरची किल्ली उचलली.

मला वाटलं, बाबांना परत देणार. मी तिच्या मागे धावले. ती फाटक उघडून आली, गाडीला वळसा घालून गेली, आणि उजवं दार उघडून स्टिअरिंगसमोर बसली. शाल मांडीवर घेतली. चोक ओढला. बटण दाबलं. सवत पहिल्या झटक्यात चालू झाली, जी आमच्या भावाच्या हाती कधी झाली नव्हती. आईने मागे वळून पाहिलं, गाडी उलटी फाटकाबाहेर काढली, वळवली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि परत आणून होती त्याच जागी लावली. इकडचं चाक तिकडे नाही!

बाबा हातात कातडं घेऊन उभे होते. ते बघत नव्हते, ऐकत होते. "क्लच बरोबर सोडला," ते पुटपुटले. "दुसरा टाकला... हं. कोण आहे? कोण चालवतंय?"

"आई," मी म्हटलं. मला दुसरा शब्दच सुचेना.

आई उतरली आणि पर्समधून परवाना काढून तिने माझ्या हातात दिला. तिचा फोटो. जुना, पुन्हा पुन्हा नूतनीकरण केलेला. मी पाटी आणून दिली. तिने लिहिलं, "डेपोत शिकले. दुपारच्या सुट्टीत."

"कशावर?"

"बसवर."

"बसवर?" भाऊ किंचाळला.

तिने मान डोलावली. मग बाबांसाठी मोठ्या अक्षरात लिहिलं, बरोबर त्यांच्या नाकासमोर धरायला. "वाटेत तुम्हाला जमेनासं झालं तर पोरांना घरी कुणी आणायचं?"

बाबांनी वाचलं. प्रूफ वाचतात तसं, एकेक अक्षर. "म्हणजे तेव्हापासून येते तुला?"

मान.

"मग एकदाही चालवली का नाहीस?"

आईने पाटी पुसली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. "मला चालवता येत होती. तुम्हाला चालवायची होती."

मला वाटलं, आता बाबा तिचा हात धरतील. कसलं काय! ते लालबुंद झाले. "म्हणजे मी काय खेळत होतो? लहान पोराच्या हातात खुळखुळा देतात तशी गाडी दिलीस मला? सगळ्या जन्मात एक गोष्ट मी स्वतः केली असं समजत होतो!" कातडं बॉनेटवर टाकलं आणि आत गेले. जाताना दाराला खांदा आपटला, आणि आई उजवीकडे दार आहे असं सांगायला तोंड उघडून तशीच राहिली.

पुढचे दिवस म्हणजे शिक्षा. एकाला बोलता येत नव्हतं, दुसरा बोलत नव्हता. मी जेवायला वाढायचे आणि दोघांमध्ये एकटीच बडबडायचे. आई कप त्यांच्या समोर नेऊन ठेवायची आणि आवाज यावा म्हणून टेबलावर बोट वाजवायची. ते चहा प्यायचे, पण तिच्याकडे तोंड करायचे नाहीत. मी फोन केला नाही. का, ते मला विचारू नका. नाव तसंच राहिलं.

फेरीच्या सकाळी मी बाहेर आले तर गाडी फाटकाबाहेर उभी, चकचकीत. ते मात्र बाबांनीच केलं असणार, मडगार्डाचा पोचासुद्धा ठोकून काढला होता. आई स्टिअरिंगसमोर बसली होती. इंजिन चालू. बाबा घराच्या पायरीवर, नवा शर्ट घालून, गाडीकडे पाठ करून.

"बाबा, उशीर होतोय."

"तुम्ही जा. तिला येते चालवायला."

मी काही बोलणार, तेवढ्यात आईने हॉर्न दाबला. एकदा, लांब. बाबा हलले नाहीत. पुन्हा दाबला. शेजारचे खिडक्यांत आले. तिसऱ्यांदा तिने हात काढलाच नाही. सगळी गल्ली भोंग्याने भरून गेली, कुत्री भुंकायला लागली. मला त्या फलाट क्रमांक दोनची आठवण झाली. त्यांनाही झाली असावी, कारण ते उठले.

"अगं, पुरे! बॅटरी उतरेल!" ते ओरडले. त्या सबंध आठवड्यातलं तिच्याशी बोललेलं पहिलं वाक्य.

ते गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले. त्या बाजूने ते कधी बसलेच नव्हते, त्यांना मूठ सापडेना. आईने आतून दार उघडून दिलं. मी मागे बसले.

आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. मागे हॉर्न, बँड, दोन्ही बाजूंना माणसंच माणसं, खांद्यावर पोरं, हातात फोन. आई सावकाश चालवत होती. बसस्टँडच्या वळणावर इंजिन गुरगुरलं. बाबा म्हणाले, "दुसरा टाक. मागतेय ती." आईने दुसरा टाकला.

मग आम्ही छापखान्याच्या रस्त्याला लागलो. म्हणजे जिथे छापखाना होता. आता तिथे काचेच्या उंच इमारती आहेत, कपड्यांची दुकानं, बँका, आमचं म्हणून ओळखू येईल असं काहीही नाही. बाबा समोर बघत होते, त्यांच्या त्या दुर्बिणीतून. आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"डावीकडे शिंपी. ओट्यावर बसलाय, पाय रस्त्यात. येऊ दे, येऊ दे, गेला. उजवीकडे कुत्रं. बसलंय, बसू दे."

उजवीकडे कुत्रं नव्हतं, डावीकडे शिंपी नव्हता. तो वारला त्याला किती वर्षं झाली! मी पुढे वाकून सांगणारच होते, बाबा, तिथे काही नाही, आणि तशीच मागे टेकले. ही वाक्यं मला पाठ होती. तेच शब्द, त्याच क्रमाने, ती "गेला"च्या आधी थांबण्याची लकबसुद्धा तिचीच. या रस्त्याच्या दोन्ही कडा बाबांनी नजर गेल्यापासून पाहिल्याच नव्हत्या. त्यांच्याकडे होता तो आईने सांगितलेला रस्ता.

आईच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तिला ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"सोडावाल्याची हातगाडी," बाबा म्हणाले. "हाताच्या अंतरावर. जरा उजवीकडे."

रस्ता मोकळा होता. आईने वेग कमी केला, एकदा हॉर्न दिला, आणि गाडी जरा उजवीकडे घेऊन ती हातगाडी चुकवली.

"हं," बाबा म्हणाले. "बास."